वाडीने देऊन टाकलेला दादा

माणूस देऊन टाकायचा असला की आधी त्याच्याच घरी बसून चहा प्यावा, ही रीत मी गिरगावातल्या आमच्या वाडीच्या क्रीडामंडळाकडून शिकले. दिलेला माणूस माझा सख्खा मोठा भाऊ होता आणि चहा मी केला होता. आलं ठेचून घातलेला, घट्ट दुधाचा. तो चहा त्या लोकांच्या घशाखाली सुखाने उतरला, याची चीड मला आजही येते.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. वाडीतला प्रत्येक पुरुष तेव्हा पुढारी झाला होता. सकाळी ऑफिसला जाताना सरकारला चार शिव्या, संध्याकाळी चौपाटीवर नाहीतर शिवाजी पार्कवर सभा, आणि जेवण झाल्यावर गॅलरीत उभं राहून त्याच सभेतलं भाषण पुन्हा एकदा, जरा चढ्या आवाजात. मुंबईची एक इंच जमीन देणार नाही, असं जो तो सांगायचा. खरोखर गोळ्या झेलणारी माणसं वेगळी होती, त्यांच्याबद्दल बोलायची माझी लायकी नाही. मी बोलतेय ती आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीबद्दल. यांच्या अंगाला लाठीचा वारासुद्धा लागला नव्हता. सभा उधळली की हे सगळ्यांच्या आधी घरी पोचायचे आणि पोलिसांनी कसा अत्याचार केला ते बायकांना सांगायचे.

आमच्या वाडीच्या मधल्या चौकात आधी मुलं हुतूतू खेळायची. मंडळाचे अध्यक्ष एका विलायती कंपनीत हेडक्लार्क होते. हुतूतू हा परळ-लालबागच्या गिरण्यांतल्या लोकांचा खेळ, आपण सुशिक्षितांनी बूट घालून खेळायचा खेळ खेळावा, असं त्यांना एक दिवस वाटलं आणि वाडीत बास्केटबॉल आला. चौकात मुरूम पडला, फक्कीच्या रेघा आल्या, दोन टोकांना सागाचे खांब रोवले गेले आणि त्यांच्यावर फळ्या बसल्या. फळ्यांवरच्या लोखंडी रिंगा माझ्या वडिलांनी केल्या. अण्णा परळला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. सळई तापवून, वाकवून, कानशीने घासून त्यांनी दोन्ही रिंगा करून दिल्या. खांबावर पाटी लागली ती मात्र 'अध्यक्षांच्या प्रेरणेने' अशी. प्रेरणा वाकवता येत असती, तर तीही त्यांनी अण्णांकडूनच वाकवून घेतली असती.

पुढे अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. आई मी शाळेत असतानाच वारली होती. घरात आम्ही तिघंच, अण्णा, दादा आणि मॅट्रिक होऊन टायपिंग शिकणारी मी. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरून भिंतीला चिकटावं लागे. हॉस्पिटलातून चौघांनी झोळी करून अण्णांना वर आणलं, त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. पण मैदान आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली होतं. रोज संध्याकाळी मी त्यांची खुर्ची कठड्याला लावून द्यायची आणि ते दादाचा खेळ बघत बसायचे. त्यांच्या दिवसात वाट बघण्यासारखं तेवढंच होतं.

दादा उंच होता. सहा फुटांच्या बराच वर. दारातून आत येताना वाकायचा, आणि वाकायची सवय इतकी लागली होती की माणसांसमोरही वाकायचा. विमा कंपनीत कारकून, बोलणं कमी, कोणी पायावर पाय दिला तर हाच 'माफ करा' म्हणणार. मैदानात मात्र तो दुसराच कोणी असायचा. त्याचं काम फळीखाली उभं राहण्याचं. समोरच्याचा नेम चुकला की चेंडू रिंगेवर आपटून उडतो. तो कुठे उडणार हे ताडून, सगळ्यांच्या डोक्यांवर उडी घेऊन, दादा तो दोन्ही हातांनी धरून खाली आणायचा. दहा हात त्या चेंडूला झोंबत असायचे, कोपरं लागायची, बरगड्या काळ्यानिळ्या व्हायच्या. रात्री मी तेल-हळद लावायची. बघणाऱ्यांना यातलं काही कळत नसे. लोक टाळ्या वाजवतात त्या बास्केट झाली की. न झालेली बास्केट कोणी मोजत नाही.

अण्णा मोजायचे. त्यांचा उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्या हातात पितळी पेला धरून ते कठड्यावर आपटायचे. दादाने चेंडू खाली आणला की वरून टण्ण. इतरांच्या बास्केटला ते गप्प बसायचे. वाडीतल्या लोकांना वाटायचं म्हातारा आपला उगीच मधूनमधून वाजवतो, त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. दादा वर बघत नसे, पण आवाज ऐकू आला की पळताना त्याची मान जरा ताठ व्हायची. ते वरून फक्त आम्हा दोघांना दिसायचं.

वाडीच्या संघात दुसराही एक उंच होता. अध्यक्षांच्या बहिणीचा मुलगा. दादापेक्षा दोन बोटं जास्तच. नेम चांगला होता, नाही म्हणत नाही. पण बास्केट झाली की हा केसांतून हात फिरवत बायकांच्या बाजूने एक चक्कर मारून यायचा, तोवर समोरचे चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाला पोचलेले असायचे. आणि नेम चुकला की रिंगेकडे असा बघायचा, जणू चूक अण्णांनी वाकवलेल्या लोखंडाची. मुंबईच्या संघाची निवड तोंडावर आली होती, आणि निवडीला येणारे लोक प्रत्येक क्लबातला मधला, म्हणजे सेंटरचा माणूस बघायचे. एका संघात सेंटर दोन असले तर बघणाऱ्याची नजर वाटली जाते. अध्यक्षांना हे दुःख होतं.

अशात दादरच्या एका संघाचा कप्तान वाडीत आला. मोकळा माणूस. तो म्हणाला, "तुमच्याकडे उंच दोन आहेत, आमच्याकडे एकही नाही. दोघांतला कोणताही एक द्या. आम्ही त्याबदली दोन चपळ फॉरवर्ड देतो." क्लबाने परवानगी दिल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे खेळता येत नसे, म्हणून त्याने रीतसर मंडळाकडे मागणी केली. दोघांतला कोणताही एक, हे शब्द सगळ्या वाडीने ऐकले. कार्यकारिणीने तेवढेच ऐकले नाहीत.

पहिल्या दोन सभा शाळेच्या हॉलमध्ये झाल्या. आमच्या वाडीत सभेतला शब्द न् शब्द माणसं घरी पोचायच्या आत नळावर पोचायचा, त्यामुळे मला सगळं कळत होतं. चिटणीस मास्तर होते आणि त्यांना बोलायला उभं केलं की बसवणं कठीण. ते म्हणाले, संघ व्यक्तीपेक्षा मोठा असतो. मग म्हणाले, आधुनिक खेळ वेगाचा आहे. मग त्यागावर घसरले. त्यागाबद्दल अर्धा तास बोलले, पण त्याग कोणी करायचा ते काही सांगेनात. दुसऱ्या एकाने गेल्या हंगामात दादाने किती बास्केट टाकल्या ते विचारलं. थोड्याच होत्या. पाच जणांनी माना डोलावल्या. त्याने किती वाचवल्या, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण ते विचारायला खेळ कळावा लागतो. या लोकांना खेळातले बूट तेवढे कळले होते.

एकच माणूस तोंड उघडून बोलला. तो लालबागचा, गिरणीत टाइमकीपर, लग्नानंतर वाडीत राहायला आलेला. तो उठून म्हणाला, "ओ मास्तर, काल तुमी शिवाजी पार्कात काय बोंबलत होता? मुंबई द्यायची नाय, बेळगाव द्यायचं नाय. आणि इथे आपला घरचा माणूस उचलून देताय? आणि द्यायचाच तर भाच्याला द्या ना. त्याला काय दादर लांब पडतंय?"

अध्यक्षांनी त्याला शांतपणे सांगितलं की खेळात राजकारण आणू नये.

तिसऱ्या सभेच्या आधी जमावबंदी लागली. शाळेने हॉल द्यायला नकार दिला. घरात बसून चहा प्यायला सरकारची हरकत नव्हती, म्हणून सभा कुणाच्या तरी घरी घ्यायचं ठरलं. अध्यक्षांची जागा सगळ्यांत मोठी, पण अध्यक्षीणबाईंना दारात सहा जोड चपला चालत नसत. अध्यक्ष दादाला म्हणाले, "तुझ्याकडेच बसू या. अण्णांनाही जरा चार माणसं भेटतील, बरं वाटेल." दादा लगेच हो म्हणाला. घरी येऊन मला सांगताना त्याचा चेहरा आनंदला होता. लोक आपल्याकडे येणार याचा त्याला आनंद. ते कशासाठी येणार होते, ते त्याला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. तरी आनंद.

इथे आमच्या मंडळाची एक खोड सांगायला हवी. मंडळ नवीन होतं तेव्हा सभापती कोणी व्हायचं यावरून एवढी भांडणं झाली होती की शेवटी नियम केला, सभा ज्याच्या घरी, त्या घरचा सभासद त्या दिवसाचा सभापती. सभापतीने चर्चेत बोलायचं नाही, मत द्यायचं नाही. मतं समसमान पडली तरच त्याने एक मत द्यायचं, आणि तो निर्णय अखेरचा. नियम करणाऱ्यांना वाटलं होतं, यजमान घरच्या पाहुण्यांशी भांडणार नाही, सभा गोडीत पार पडेल. अण्णा मंडळाचे सभासद नव्हते, म्हणजे त्या संध्याकाळी सभापती दादा. ज्या माणसाला ठेवायचं की द्यायचं हे ठरवायचं, तोच खुर्चीवर. खुर्ची म्हणजे आमच्या घरातली एकुलती एक बरी खुर्ची. दुसरीत अण्णा बसले होते, गॅलरीच्या दारात. बाकीचे सतरंजीवर.

मी चहा आणि चिवडा फिरवत होते. चिटणीस पुन्हा त्यागावर आले. या वेळी एक भर घातली, उंच माणूस म्हातारा लवकर होतो. दादा समोर बसून हे सगळं ऐकत होता आणि त्यांच्या कपातला चहा संपला की मला खूण करत होता. लालबागकरांनी भाच्याचा विषय पुन्हा काढला, तो 'विषयपत्रिकेवर नाही' म्हणून बाजूला ठेवला. मी गॅलरीत जाऊन अण्णांना चहा पाजला. हातातला पेला त्यांनी घट्ट धरलेला होता. त्यांना ऐकू सगळं येत होतं. हे एवढे शिकलेले लोक त्यांच्यासमोर असं बोलत होते, जणू बोलता येत नाही त्या माणसाला कानही नसतात.

मग हात वर करायची वेळ आली. सतरंजीवर सहा माणसं. दादाला द्यावं म्हणून तीन हात वर आले. द्यायचं नाही म्हणून लालबागकरांचा हात वर आला, एका म्हाताऱ्या सभासदाचा आला, आणि तिसरा हात अध्यक्षांचा.

मी कपबशा घेऊन उभी होते ती उभीच राहिले. अध्यक्ष सुस्कारा सोडून म्हणाले, "मला काही याला दुसरीकडे पाठवणं जमायचं नाही. माझं मत ठेवावा असंच आहे. आता तीन-तीन. सभापती, तू ठरव. तू ठेवून घे म्हणालास तर कोणाचीही हरकत नाही."

एक क्षण मला त्या माणसाबद्दल बरं वाटलं. त्याचाही मला नंतर संताप आला.

दादा उठून उभा राहिला. वाकूनच. म्हणाला, "माझ्याच घरी बसून, पाहुण्यांसमोर, मी माझ्यासाठीच मत द्यायचं म्हणजे बरं दिसत नाही. माझं मत, मला दादरला द्यावं." आणि खाली बसला. चिटणिसांनी टाळ्या वाजवल्या. लालबागकर उठले, चप्पल घातली, "च्यायला, काय माणूस आहेस रे तू," एवढं म्हणाले आणि चिवडा न खाता गेले. त्या घोळक्यात तो एकच माझा चिवडा खायच्या लायकीचा होता.

बाकीचे निघाले तेव्हा मी दिवा धरून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. खालच्या वळणावर अध्यक्षांनी चिटणिसांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? हा स्वतःसाठी हात वर करणार नाही. आता कोणी आपल्याला बोल लावू शकत नाही." चिटणीस हसले. मग वर बघून मला म्हणाले, "दिवा जरा खाली धर गं, पायरी दिसत नाही." मी दिवा घेऊन आत गेले. ते पडले असते तर मला वाईट वाटलं नसतं, पण अशी माणसं पडत नाहीत.

आत येऊन मी दादाला सांगितलं, काय ऐकलं ते. तो म्हणाला, "असू दे. मत तर मीच दिलं ना." मी त्याला खूप बोलले. सभ्यपणा चुलीत घाल म्हणाले. तुझ्या त्या 'बरं दिसत नाही'च्या पायी अण्णांचं काय होणार, कळतंय का तुला? दादर म्हणजे मैदान दादरला. सामने परळला, माटुंग्याला. अण्णा तिथे येणार आहेत का झोळीतून? तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. हे त्याला सुचलंच नव्हतं. पाहुण्यांची मर्जी राखताना घरातला माणूस त्याच्या हिशेबातून निसटला होता. अण्णा दारातून आमच्याकडे बघत होते. म्हणाले, "असो." त्यांच्याकडे थोडेच शब्द उरले होते, त्यातला एक त्यांनी यावर घालवला.

मंडळाने दादाचा निरोपसमारंभही केला. रिंगेखाली उभं करून शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. माणसाला काढून टाकलं की आपण नारळ दिला म्हणतो. या लोकांनी तो खरोखरचा दिला आणि कोणाला हसूसुद्धा आलं नाही. त्या नारळाचं खोबरं मी घरात वापरलं नाही. खालच्या मजल्यावर देऊन टाकलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी वाईट होत्या. मी सवयीने खुर्ची कठड्याला लावायची, अण्णा खाली बघायचे. खाली भाचा केस सावरत नेम धरायचा आणि नवे दोन फॉरवर्ड वाऱ्यासारखे धावायचे. चेंडू रिंगेवर आपटून उडायचा आणि तो घ्यायला तिथे कोणी नसायचं. अण्णांच्या हातात पेला असायचा. तो वाजायचा नाही. थोड्या दिवसांनी त्यांनी 'आत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे मला आत घे. मग मी खुर्ची बाहेर काढणंच सोडून दिलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, जेवण अर्ध्यावर टाकायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांना काहीतरी विरंगुळा द्या. विरंगुळा मंडळाने दादरला दिला होता.

दादा सामना खेळून आला की त्यांच्याजवळ बसून सगळं सांगायचा. पण सांगायची कला त्याच्याकडे नव्हती. "आज बरा झाला," "आज हरलो," याच्या पुढे गाडी जात नसे. एकदा मी खोदून विचारलं, तिकडे कसं वाटतं? तो म्हणाला, "माणसं चांगली आहेत. पण तिकडे आवाज नाही." मला कळायला वेळ लागला. पेल्याबद्दल बोलत होता तो.

वाडीची स्वतःची एक स्पर्धा दर हिवाळ्यात चौकात व्हायची. त्या वर्षी अंतिम सामन्यात एका बाजूला वाडी आली आणि दुसऱ्या बाजूला दादर. अध्यक्षांनी निवडीवाल्या लोकांना खास बोलावलं होतं, भाचा बघायला. पताका लागल्या. सुरुवातीला चिटणिसांनी भाषण केलं, त्यात हुतात्म्यांना वंदन केलं आणि मग आपल्याच वाडीने घडवलेला खेळाडू आज समोरच्या संघात आहे, हा आपला मोठेपणा आहे, असंही सांगितलं. वाडीने टाळ्या वाजवल्या. मी वरून हे ऐकलं आणि आत जाऊन अण्णांना म्हटलं, "चला, बाहेर." ते भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, "दादा खाली आलाय. खेळायला." त्यांनी मान वळवली. म्हणाले, "पेला."

खुर्ची लावली, पेला डाव्या हातात दिला. खाली दादा परक्या रंगाचा गंजिफ्रॉक घालून उभा होता. वाडीतल्या पोरांनी त्याला पाहून हुर्यो केली. सामना सुरू झाला. भाच्याने पहिलाच नेम मारला, चुकला, चेंडू रिंगेच्या डाव्या अंगावर आपटून उडाला, आणि सगळ्यांच्या वर दादाचे दोन हात दिसले. कितीतरी महिन्यांनी कठड्यावर आवाज झाला. टण्ण. मैदानातली पोरं चमकली. काहींनी वर पाहिलं. दादाने पाहिलं नाही, पण त्याची मान ताठ झाली. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. भाचा मारतोय, चुकतोय, दादा चेंडू खाली आणतोय, वरून टण्ण. वाडीच्या पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसलेल्यांची चुळबुळ सुरू झाली. निवडीवाल्यांपैकी एक जण मान वर करून अण्णांकडे बघायचा आणि मग दादाकडे बघायचा. त्याला काय कळायचं ते कळलं होतं. अध्यक्षांनाही ते कळलं असणार, कारण मध्यंतर होताच चिटणीस स्वतः आमचा जिना चढून आले. धापा टाकत होते. मला म्हणाले, "अगं, अण्णांना सांग. वाडीविरुद्ध असं वाजवणं बरं दिसत नाही. पाहुणे बसलेत. लोक काय म्हणतील? तो पेला घे बरं त्यांच्याकडून."

बरं दिसत नाही. याच शब्दांनी यांनी माझा भाऊ नेला होता.

मी म्हटलं, "हो मास्तर, घेते." अण्णांकडून पेला मागितला. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्या लोकांतलीच झाले. पण त्यांनी तो दिला. चिटणीस समाधानाने जिना उतरले. मी स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडे आईच्या माहेरचा लोखंडी खल होता, मसाला कुटायचा. त्यातला बत्ता उचलला, पदराने पुसला आणि आणून अण्णांच्या डाव्या हातात दिला. म्हटलं, "हा धरवेल का?" अर्धंच तोंड हसायचं त्यांचं, पण ते हसलं. म्हणाले, "धरवेल, बाय."

उत्तरार्धात त्या बत्त्याचा आवाज सगळ्या चौकात घुमला. पेला पोरांना ऐकू यायचा, बत्ता नाक्यावरच्या पानवाल्यालाही ऐकू गेला. शेवटच्या मिनिटाला दादर एका गुणाने पुढे होतं आणि चेंडू भाच्याच्या हातात होता. सगळी वाडी उभी राहिली. त्याने सावकाश नेम धरला, केस झटकले आणि मारला. चेंडू रिंगेवर आदळला, तिच्या कडेवर एकदा फिरला आणि बाहेर पडला. लोखंड अण्णांचं होतं, ते कुठे फेकणार हे दादाला पाठ होतं. तो आधीच हवेत होता. चेंडू दोन्ही हातांत धरून तो खाली आला तेव्हा शिट्टी झाली. सगळ्या चौकात चिडीचूप. फक्त वरून धाड, धाड, धाड. थांबायलाच तयार नाही.

दादाने त्या दिवशी पहिल्यांदा खेळताना वर पाहिलं. चेंडू छातीशी तसाच होता, आणि तो वाकलेला नव्हता. खालून अध्यक्ष ओरडून काहीतरी सांगत होते, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही. कठड्याला त्या दिवशी पडलेले खड्डे पुढे रंग लावूनही बुजले नाहीत, आणि अण्णा असेपर्यंत मी त्यांची खुर्ची त्या खड्ड्यांसमोरच लावत आले.